हिरामण गनमनचा जबाब

आमच्या गावात हिरामण नावाची पाच माणसं आहेत, पण हिरामण गनमन एकच. भिवंडीतल्या एका पतपेढीच्या दारात त्यानं एकतीस वर्षं ड्युटी केली. दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक त्याची स्वतःची, परवानाही त्याच्याच नावाचा. एवढ्या वर्षांत त्यानं माणसावर एकही बार काढला नाही. हे तो स्वतः कधी सांगत नसे, कारण गावात ही त्याच्या कौतुकाची नव्हे, टिंगलीची गोष्ट होती.

मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. शाळा दोघांची एकच, गावातली, सातवीपर्यंतची. पुढं मी खाडीत रेतीच्या बोटीवर गेलो आणि तो बंदुकीकडं. बंदूक मूळची त्याच्या बापाची. बाप मिठागराचा राखणदार होता. तो वारल्यावर हिरामणनं बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, स्वतःच्या नावानं अर्ज केला आणि परवाना येईपर्यंत दीड वर्ष तिच्याकडं बघायलाही गेला नाही. मी म्हटलं, “अरे, घरातलीच वस्तू ना?” तर म्हणाला, “बापाची होती. माझी अजून झाली न्हाय.”

असा माणूस. निवडणूक लागली की परवानेवाल्यांना बंदुका जमा कराव्या लागतात. बाकीचे लोक टाळाटाळ करत, ओळखी काढत. हिरामण पहिल्याच दिवशी जुन्या लुगड्यात बंदूक गुंडाळून निघायचा. एकदा अकलोलीला त्याच्या साडूच्या शेतात रानडुकरं फार माजली होती. साडू म्हणाला, बंदूक घेऊन या, दोन पाडू. हिरामण गेला, पण हात हलवत. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ केली, पोटभर जेवला आणि म्हणाला, “माझा परवाना स्वतःच्या जिवासाठी हाय. डुकरानं माझ्याकडं नुसता बगलाबी न्हाय.” साडू त्यानंतर वर्षभर त्याच्याशी धड बोलला नाही.

आता टिंगल कशावरून सुरू झाली ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

पतपेढीवर एका दुपारी दोघे आले. एकानं काउंटरवरून उडी मारून कॅशियरच्या मानेला चॉपर लावला, दुसऱ्यानं पैशांची पिशवी उचलली. हिरामण बाहेरच्या पायरीवर होता. आतून आरडाओरडा ऐकून तो दारात आला, तोवर चॉपरवाल्यानं कॅशियरला सोडलं होतं आणि दोघे मागच्या दारानं गल्लीत पळत होते. हिरामण मागं धावला. पंधरा फुटांवर पाठ, बंदूक खांद्याला, बोट घोड्यावर. त्यानं बार काढला नाही. ओरडला, दगड मारला, धावला, दमला. पिशवी गेली.

मॅनेजरनं विचारलं, “मग तुम्हाला बंदूक दिली कशाला?”

हिरामण म्हणाला, “बंदूक माझी हाय साहेब. तुम्ही नुसत्या गोळ्या दिल्यात.”

चार महिने त्याला घरी बसवलं. गावात पोरासोरांच्या तोंडी झालं, हिरामणची बंदूक दसऱ्याला झेंडू वाहायला आणि शिमग्याला बोंब ठोकायला. लोक त्याच्या दारावरून जाताना उगाच खोकायचे. चौकशीत एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी त्याची बाजू मांडली. ते म्हणाले, मानेवर चॉपर होता तोपर्यंत या माणसानं गोळी घातली असती तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला असता. मान सुटली, माणसं पळाली, धाक संपला. मग राहिली नुसती पिशवी. पिशवी अडवायला हात आहेत, काठी आहे, पोलीस आहेत. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली असती तर आज आपण याची चौकशी केली नसती, याचा खटला चालवला असता.

हिरामणला कामावर परत घेतलं. पण त्या दिवशी त्याला एक गोष्ट कळली होती, की गल्लीत त्यानं जे मनानं केलं ते कायद्यात लिहिलेलं आहे. तिथून तो कायद्याच्या नादी लागला. वकीलसाहेबांकडं रविवारी जाऊन बसायचा. स्वसंरक्षणाची कलमं शहाण्णवपासून एकशे सहापर्यंत त्याला तोंडपाठ झाली. नवा कायदा आला तेव्हा पूर्वी नावाची माझी नात, ती वकिलीचं शिकते, तिनं मोबाइलवर बघून सांगितलं की आता ती कलमं चौतीस ते चव्वेचाळीस झाली. हिरामण काळजीत पडला. म्हणाला, “आकडे बदलले. आत माणूस तोच हाय ना?” पूर्वी म्हणाली, “जवळजवळ तोच आहे, आजोबा.” मग त्यानं एका दिवसात नवे आकडे पाठ केले.

निवृत्तीनंतर त्याच्या ओट्यावर माणसं येऊ लागली. आमच्याकडं जमिनी गोदामांना गेल्या, भाडी सुरू झाली, आणि बऱ्याच जणांना कमरेला पिस्तूल असावं असं वाटू लागलं. काहींना खरंच भीती होती, काहींना हळदीच्या मांडवात शर्ट जरा वर करून दाखवायचं होतं. तसल्यांना हिरामण सांगायचा, मांडवात हवेत बार काढलास तर दोन वर्षं आत जाशील, आणि परवान्याचं पिस्तूल म्हणजे गळ्यातली साखळी न्हाय, ते झाकूनच ठेवायचं असतं. अर्ज कसा भरायचा, प्रशिक्षणाचा दाखला कुठून घ्यायचा, पोलीस काय विचारतात, हे तो फुकट सांगायचा. पण आधी स्वतः विचारायचा.

निजामपुऱ्यातले एक लूमवाले शेठ आले होते, ते मला अजून दिसतात. कुर्त्यावर कापसाचे तंतू तसेच.

“चाचा, कोई कारखाने में घुस आया तो ठोकने का ना?”

“घुस आया. हाथ में क्या है?”

“कुछ भी होगा. मेरे को क्या मालूम?”

“मालूम करने का. हाथ खाली है और कपडे का तागा उठा के भाग रहा है, तो?”

“तो भी ठोकने का. माल मेरा है.”

“शेठ, तागे के वास्ते जान लोगे तो वो चोर, और तुम खुनी. पकडो, धक्का दो, डंडा मारो, माल छुडाओ. जान नहीं लेने का.”

“और मेरे गले पे चाकू रखा तो?”

“तो मेरे को पूछने मत आना. उस टाइम कायदा तुम्हारा. भाग जाओ, ऐसा भी नहीं बोलता कायदा.”

शेठ कुर्त्यावरचे तंतू वेचू लागले. मग म्हणाले, “और चाकू दिखा के भाग गया तो?”

“तो चाय पियो और पुलिस को फोन लगाओ.”

शेठ हसले, चहा प्यायले आणि अर्ज न भरताच गेले. पुढं ऐकलं की त्यांनी कारखान्याला दुहेरी शटर लावलं.

तर असा हा ओटा. त्या ओट्यावर एक दिवस त्याचा स्वतःचा भाचा येऊन बसला.

प्रितम म्हणजे हिरामणच्या थोरल्या बहिणीचा, कमळचा, एकुलता एक मुलगा. कमळ गावातच दिलेली, दोन घरं सोडून. नवरा लवकर गेला. प्रितमला पोहायला शिकवलं हिरामणनं, शाळेत नाव घातलं हिरामणनं, लग्नाच्या मांडवात नवरदेवाला घेऊन आला तोही हिरामणच. पोरगा मनाचा वाईट नाही. आजही रस्त्यात भेटला तर गाडी थांबवून माझ्या पाया पडतो. पण राग आला की त्याचे कान लाल होतात, आणि मग तो कुणाचं ऐकत नाही.

त्याची दोन गोदामं आहेत. तिथं माल चढवा-उतरवायचं काम आपल्यालाच मिळावं म्हणून एक टोळकं त्याच्या मागं लागलं होतं. फोनवर धमक्या यायच्या. एका सकाळी धामणकर नाक्यावर त्याची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना त्यातला एक जण मोटारसायकलवरून आला आणि उघड्या काचेतून त्याच्या कानशिलावर हेल्मेट मारून पळाला.

प्रितम त्याच दिवशी दुपारी ओट्यावर आला. हिरामण तांदूळ निवडत होता, मी शेजारी बसलो होतो. कानशिलावर अंड्याएवढी सूज.

“मामा, आता पिस्तूल पायजे. अर्ज भरून दे.”

हिरामणनं आधी हळद आणि चुना आणून सुजेवर लावला. लावता लावता म्हणाला, “पोलिसांत गेलास?”

“कशाला? हिशेब तिथंच पुरा केला. सेल्फ डिफेन्समध्ये मारला त्याला.”

हिरामणचा हात थांबला. “हेल्मेट मारला तवा तू कुठं होतास?”

“गाडीत.”

“तवा हातात काय होता?”

“तवा काय न्हाय. पाना डिकीत होता.”

“म्हंजे त्यो पळाला. तू उतरलास, डिकी उघडलीस, पाना काढलास, परत बसलास, गाडी काढलीस.”

“हां. मग? सोडायचा?”

“गाठलास कुठं?”

“निजामपुऱ्याकडं, गल्लीत. त्याची मोटारसायकल घसरली.”

“तू पोचलास तवा त्यो काय करत होता?”

“उठत होता.”

“तुझ्यावर धावून आला?”

“उठत होता बोल्लो ना.”

“किती टोले?”

प्रितमनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. “तीन. तिसऱ्याला हात मोडला त्याचा. आता तो काय पोलिसांत जात न्हाय, पहिला त्यानंच मारलाय.”

हिरामण खाली बसला, तांदळाचं सूप मांडीवर घेतलं. “त्यानं मारला तवा तू गाडीतून हात काढून त्याचा गळा धरला असतास तर मी तुझ्या बाजूनं कोर्टात उभा राहिलो असतो. डिकी उघडलीस तिथं तुझा बचाव संपला. पुढचा सगळा राग.”

“मामा, तू कोर्ट हाय का?”

“न्हाय. पण आज हातात पाना होता म्हणून हात मोडला. पिस्तूल असता तर काय मोडला असता?”

प्रितमचे कान लाल झाले. तो उठला. “दुसऱ्यांना फुकट अर्ज भरून देतो. घरच्याला शहाणपण.” आणि गेला.

अर्ज त्यानं भिवंडीत कुणाकडून तरी भरून घेतला. धमक्यांचे मेसेज जोडले, गोदामाची कागदपत्रं जोडली, प्रशिक्षणाचा दाखला घेतला. सगळं नियमाप्रमाणं. महिन्याभरात चौकशी आमच्या पोलीस ठाण्यात आली आणि शेजारचे म्हणून दोघांचे जबाब हवेत असा निरोप आला. एक हिरामण, दुसरा मी.

जाण्याच्या आदल्या दिवशी हिरामण स्वतः प्रितमच्या घरी गेला. मलाही बरोबर नेलं. कमळ ओटीवर मासळीची टोपली घेऊन बसली होती.

हिरामण प्रितमला म्हणाला, “अर्ज मागं घे. आधी धमकीची तक्रार दे, त्या पोरांना पोलिसांकडून बोलवणं जाऊ दे. वर्षभरानं बघू. अर्जच न्हाय तर मना कोण काय विचारणार न्हाय.”

“आणि न्हाय घेतला तर?”

“तर मना विचारतील. आणि मी सांगीन.”

प्रितम हसला. त्याला ते खरं वाटलंच नाही. मामा रागावतो, मामा सांगतो, पण मामा बाहेर जाऊन आपल्याविरुद्ध बोलेल, हे त्याच्या मनात येण्यासारखं नव्हतं. आमच्यात कुणाच्याच मनात येण्यासारखं नाही.

कमळला मात्र लगेच कळलं. ती भावाला लहानपणापासून ओळखते. हातातली कोयती खाली ठेवून म्हणाली, “हिरा, तुना काय भाषण द्यायचा न्हाय. स्वभाव चांगला, येवढाच बोल. दोन शब्द हायत.”

“दोनच हायत, बाय. पण तोंडातून येत न्हायत.”

“माझा नवरा गेला तवा तू बोलला होतास, पोराची काळजी माझी.”

“तीच करतो.”

“ही काळजी? उद्या हेल्मेटच्या जागी सुरा आला तर?”

कमळनं माझ्याकडं बघितलं. “दादूस, तू तरी बोल याला.” मी म्हणालो, बघू, उद्या काय विचारतात ते. असं बोलून मी दोघांच्याही बाजूनं सुटलो, असं मला वाटलं.

पोलीस ठाण्यात वैशाली नावाच्या हवालदार बाई होत्या. तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. आधी मला विचारलं. अर्जदाराला किती वर्षं ओळखता, व्यसन आहे का, शेजाऱ्यांशी भांडण, मारामारी. मी सांगितलं, लहानपणापासून ओळखतो, व्यसन नाही, स्वभाव चांगला, वाद नाही. त्यांनी लिहिलं, मी सही केली. तीन मिनिटांचं काम.

मग हिरामण. तो खुर्चीच्या कडेला ताठ बसला होता, ड्युटीवर बसायचा तसा.

“अर्जदाराच्या जिवाला धोका आहे, असं अर्जात आहे. तुम्हाला माहीत आहे?”

“हाय. धमकी खरी हाय. ते आधी लिवा, मॅडम. ते लिवून झाला की दुसरा सांगतो.”

त्यांनी लिहिलं. मग हिरामणनं सांगितलं. नाका, हेल्मेट, डिकी, पाना, गल्ली, तीन टोले. आवाज चढवला नाही, एक शब्द वाढवला नाही. वैशाली मॅडमचं पेन मध्येच थांबलं.

“काका, हा तुमचा भाचा ना?”

“सख्ख्या बहिणीचा.”

“हे मी लिहिलं तर परवान्याचं सोडाच, या मारामारीसाठीसुद्धा त्याला बोलवावं लागेल.”

“बोलवा. दुसऱ्यालाबी बोलवा. हेल्मेट त्यानं मारला.”

“वाचून दाखवते, मग सही करा. नको असेल तर अजून वेळ आहे.”

“वेळ नको.”

त्या माझ्याकडं वळल्या. “आजोबा, तुम्ही तर वाद नाही म्हणालात. तुम्ही होता का तिथं, हा मुलगा हे सांगत होता तेव्हा?”

मी म्हणालो, “मी पाणी प्यायला आत गेलो होतो.”

बहात्तर वर्षांचा माणूस मी. गोष्टी सांगायला बसलो तर संध्याकाळ पुरत नाही. त्या खुर्चीवर मला एवढं एकच वाक्य सुचलं, आणि ते खोटं होतं.

बाहेर पडून आम्ही रिक्षात बसलो. मग हिरामणच म्हणाला, “बरा झाला तू तसा बोललास. दोघांनी एकच सांगितला असता तर कमळला वाटला असता आपण ठरवून गेलो.” त्यानं हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुढं व्हायचं ते झालं. प्रितमला आणि त्या हेल्मेटवाल्याला दोघांनाही बोलावणं गेलं. दोघांकडून चांगल्या वर्तणुकीचे बाँड लिहून घेतले. धमक्यांची तक्रार नोंदवली गेली, त्या टोळक्यातल्या दोघांवर केस झाली, ती चालू आहे. फोन बंद झाले. पण परवाना नामंजूर झाला, आणि नामंजुरीच्या कागदात कारण लिहिलं होतं, साक्षीदाराच्या जबाबानुसार अर्जदारानं हल्ला संपल्यानंतर पाठलाग करून मारहाण केली.

तो कागद घेऊन प्रितम ओट्यावर आला. भर दुपारी, अनवाणी. दोन घरांतल्या बायका दारात आल्या. मला वाटलं, आता हात उगारतो. पण त्यानं कागद हिरामणसमोर धरला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“मामा, उद्या मना कोणी पाडला, तर?”

हिरामणनं कागद वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. “तर ते माझ्या माथी. सही केली तवाच मी ते घेतला.”

“तुझ्या माथी घेऊन मी जिवंत होईन काय?”

“न्हाय.”

“मग?”

मी हिरामणला आयुष्यभर बघतोय. पतपेढीतून घरी बसवला तेव्हाही त्याची मान खाली गेली नव्हती. त्या दुपारी गेली. प्रितम कागद तिथंच टाकून निघून गेला. “वर अपील हाय, तीस दिवसांत,” हिरामण त्याच्या पाठीला म्हणाला. आपल्याच जबाबाविरुद्ध अपील करायची मुदत तो भाच्याला सांगत होता.

प्रितमनं अपील केलं नाही. का, ते मला माहीत नाही. कमळनं भावाच्या घरी जाणं सोडलं. सणाला वाटी नाही, दुखण्याखुपण्याला विचारणं नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास धरते ती बहीण, या वेळी तिनं सकाळीच जेवून घेतलं आणि जेवलेलं ताट ओटीवर सगळ्यांना दिसेल असं घासलं.

कागद आला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी प्रितम गोदामाला निघाला, तर गाडीच्या शेजारी हिरामण उभा. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात जेवणाचा डबा. बंदूक नाही.

प्रितम म्हणाला, “काय?”

“बसतो.”

“कुठं?”

“तू जाशील तिथं.”

“मामा, तमाशा नको.”

“मी बोलणार न्हाय. नुसता बसणार.”

प्रितमनं गाडी काढली आणि एकटाच निघून गेला. दुसऱ्या दिवशीही हिरामण तिथंच उभा. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी प्रितमनं आतून दार उघडलं.

मी हिरामणला विचारलं, “बंदूक तरी घेऊन जा की.”

“तो परवाना माझ्या जिवासाठी हाय.”

“मग सदुसष्ट वर्षांचा तू, रिकाम्या हातानं करणार काय?”

“शेजारी माणूस बसलेला असला की मारणारा दोनदा इचार करतो,” तो म्हणाला. मग डबा उचलून म्हणाला, “आणि प्रितमबी करतो.”

आता याला आठ महिने होत आले. रोज सकाळी तो जातो, संध्याकाळी येतो. गोदामात एका खुर्चीवर बसतो, ट्रक मोजतो, कुणाच्या मध्ये पडत नाही. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या चढताना भिंतीला हात लावतो. हमाल त्याला चाचा म्हणतात. मी दोनदा सांगितलं, आता धमक्या थांबल्यात, पुरे झालं. तो म्हणतो, केस अजून चालू हाय. केस किती वर्षं चालेल हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मामा-भाचे गाडीत काय बोलतात, बोलतात की नाही, ते मी कधी विचारलं नाही. एवढं दिसतं, की पहिल्यांदा हिरामण मागं बसायचा, आता पुढं बसतो.

परवा संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा मी कमळच्या ओटीवर होतो. तिच्या नातीचं बारसं झालं होतं, पेढे घ्यायला बोलावलं होतं. हिरामण गाडीतून उतरला आणि अंगणात थांबला, ओटीवर न चढता. कमळ त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. आठ महिन्यांत तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलेलं नाही, तेव्हाही बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली,

“दादूस, त्याला सांग, उद्या ठाण्याला जायचा हाय, कोर्टाची तारीख हाय. साडेसातला न्हाय, सातला निघायचा.”

हिरामणही माझ्याकडंच बघत म्हणाला, “तिला सांग, मी पावणेसातला येतो.”

मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, तोंडात पेढा होता. मी काही सांगायच्या आत कमळ आत गेली, आणि हिरामण घरी.